सपक्ष फळ (पंखाचे फळ)

फळाच्या भिंतीचाच पातळ पापुद्रा होऊन त्याचा पंख बनतो, आत बहुधा एकच बी असते आणि पिकल्यावरही फळ उकलत नाही, त्याला सपक्ष फळ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे थंड प्रदेशातील अ‍ॅश वृक्ष. ठाणे परिसरात अ‍ॅश उगवत नाही. इथे हे फळ ओळखायचे तर येऊरच्या वाटेवर वावळ्याच्या झाडाखाली उभे राहावे.

अ‍ॅश हा फ्रॅक्सिनस प्रजातीचा वृक्ष. जाई-जुई, ऑलिव्ह आणि आपला पारिजातक यांच्याच कुळातला. पारिजातकाचे फळ मात्र चपटे, दोन कप्प्यांचे असते, त्याला पंख नसतो. एकाच कुळात बियांना बाहेर पाठवण्याच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या असतात. युरोपीय अ‍ॅशचे फळ तीन ते पाच सेंटिमीटर लांब, जिभेसारखे. देठाकडे बी आणि पुढे पंख. अंडाशयात बीजांडे चार असतात, पण साधारणपणे एकच वाढते. फळांचे घोस किल्ल्यांच्या जुडग्यासारखे लोंबतात, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘कीज’ म्हणजे किल्ल्या असेच नाव आहे. कोवळ्या फळांचे तिथे लोणचेही घालत. पाने झडली तरी हे घोस हिवाळाभर फांदीवर राहतात. सुटलेले फळ गरगरते आणि त्याच वेळी स्वतःच्या लांबीभोवतीही लोळते. त्यामुळे ते सावकाश उतरते आणि तेवढ्यात वारा त्याला दूर नेतो.

उतरल्यावरही बी घाई करत नाही. फळ पडते तेव्हा आतला गर्भ पुरता वाढलेला नसतो. आधी ओलसर उबेत तो वाढतो, मग त्याला थंडी लागते. म्हणून अंकुर बहुधा दुसऱ्या वसंतात, कधी त्याहूनही उशिरा येतो.

वावळ्याचे गणित उलटे आहे. थंडी सरता सरता त्याची पाने गळतात, बारीक हिरवट फुले येतात आणि लगेच फळे धरतात. ही कोवळी फळे इतकी दाट आणि पोपटी असतात की लांबून झाडाला नवी पालवीच फुटली असे वाटते. या फसगतीवरून वावळा चटकन ओळखता येतो. चैत्र-वैशाखात ती वाळून गवताच्या रंगाची होतात. एक फळ उन्हासमोर धरले तर अडीचेक सेंटिमीटरची गोल चकती दिसते: मधोमध बी, भोवती जाळीदार शिरांचा पापुद्रा, टोकाशी लहानशी खाच. बी खाता येते. पंख सगळीकडून असल्याने हे फळ अ‍ॅशसारखे फिरत नाही, हेलकावे खात तरंगते. झाड उघडे, वारा कोरडा आणि पाऊस महिनाभरावर. याहून चांगला मुहूर्त नाही. ताजे बी पहिल्या पावसात रुजते, त्याला थंडीची वाट पाहावी लागत नाही.

येऊरच्या जंगलात पंखांचे इतरही प्रकार सापडतात. ऐनाच्या फळाला पाच पंख, किंजळाच्या फळाला तीन, त्यातला एक मोठा. उक्षीत पंखाचे काम फळाची भिंत नव्हे, तर टिकून राहिलेल्या पाच निदलपाकळ्या (फुलाच्या पाकळ्यांबाहेरची पाने) करतात. टेटूच्या झाडाची गोष्ट आणखी निराळी: तलवारीसारखी लांब शेंग उकलते आणि पातळ, पारदर्शक पंखांच्या बिया उडतात. रस्त्याकडेच्या महोगनीचेही तसेच. गरगरत खाली येते ते फळ नसून बी असते. ही दोन्ही पंखाची बीजे, सपक्ष फळे नव्हेत. हा फरक पाठ्यपुस्तकापेक्षा हातात घेऊन लवकर कळतो.

शहरात या फळांची अडचण उडण्याची नसते, उतरण्याची असते. वावळ्याखालचा डांबरी रस्ता एप्रिलमध्ये चकत्यांनी भरतो, त्या गटाराच्या जाळीशी साचतात आणि सकाळी पालापाचोळ्याबरोबर झाडून नेल्या जातात. त्या वेळी मूठभर चकत्या उचलून मोकळ्या मातीत पेराव्यात, वर हलकी माती लोटावी. पंख काढण्याची गरज नाही.