माणूस म्हणून मिळणारे हक्क आणि नागरिक म्हणून मिळणारे हक्क

"तो आपल्या देशाचा नागरिकच नाही, मग त्याला घटनेचं संरक्षण कशाला?" हा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. मानवी हक्क आणि नागरिकांचे हक्क हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत, असं धरून चाललं की हा प्रश्न पडणारच. संविधान लिहिणाऱ्यांनी मात्र हे दोन शब्द जाणीवपूर्वक वेगळे वापरले.

संविधानाचा तिसरा भाग उघडा आणि वाक्य कोणाबद्दल आहे एवढंच बघत जा. अनुच्छेद 14 कायद्यापुढची समानता 'कोणत्याही व्यक्तीला' नाकारता येणार नाही असं सांगतो. अनुच्छेद 21 जीविताचं आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं संरक्षण देतो, तेही 'व्यक्तीला'. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद 25 सर्व व्यक्तींसाठी आहे. भाषण, सभा, संघटना, संचार, वास्तव्य आणि व्यवसाय यांची स्वातंत्र्यं सांगणाऱ्या अनुच्छेद 19 मध्ये मात्र शब्द बदलतो, तिथे 'नागरिक' येतो. भेदभावाला मनाई करणारा 15 आणि सरकारी नोकरीत समान संधी देणारा 16 हेही नागरिकांपुरते आहेत. म्हणजे 'मूलभूत हक्क' या एकाच मथळ्याखाली दोन प्रकारचे हक्क शेजारी शेजारी बसले आहेत. गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं.

मानवी हक्क माणसासोबत फिरतो. त्याने सीमा ओलांडली, कागदपत्रं हरवली, तुरुंगात गेला, तरी तो सुटत नाही. नागरिकाचा हक्क हे एका माणसाचं एका राज्याशी असलेलं नातं आहे. मतदान, निवडणुकीला उभं राहणं, माहिती अधिकाराखाली अर्ज करणं हे त्या नात्यातून येतं. 2005 चा माहिती अधिकार कायदासुद्धा हा अधिकार 'सर्व नागरिकांना' देतो.

हा फरक न्यायालयात कसा उतरतो हे 1996 च्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात स्वच्छ दिसतं. 1960 च्या दशकात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आलेली हजारो चकमा माणसं अरुणाचल प्रदेशात वसवली गेली होती. पुढे त्यांना निघून जाण्याच्या धमक्या येऊ लागल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगच सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं की प्रत्येक माणसाच्या जीविताचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, मग तो नागरिक असो वा नसो. त्याच निकालात त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज रीतसर पुढे पाठवण्याचाही आदेश दिला. या दोन आदेशांमधलं अंतर लक्षात घ्या. नागरिकत्व मिळेल की नाही हे पुढे ठरणार होतं, जगण्याचा हक्क आधीच त्यांचा होता.

इतिहासात हे दोन हक्क एकमेकांचा हात धरूनच वाढले. 1789 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने जाहीरनामा काढला तो 'माणसाच्या आणि नागरिकाच्या' हक्कांचा. दोन्ही शब्द नावातच होते. पण 'सर्व माणसं' जन्मतः समान आहेत म्हणणाऱ्या त्या सभेने मताचा अधिकार ठराविक कर भरणाऱ्या पुरुषांनाच दिला. स्त्रियांना तो मिळायला 1944 उजाडलं. 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना ही जुनी चूक पुन्हा होऊ पाहत होती. 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल अशा इंग्रजी शब्दाला भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हरकत घेतली आणि पहिल्या कलमात 'सर्व मानव' असा अर्थ पक्का झाला. याच हंसाबेन आपल्या संविधान सभेच्याही सदस्य होत्या. 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये 48 मतांनी तो जाहीरनामा मंजूर झाला. आठ देश तटस्थ राहिले, विरोधात एकही मत पडलं नाही.

या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो महाडचा प्रसंग. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे गावातला रहिवासी म्हणून हक्क कागदावर आलेला होता. पाण्याला हात लावता येत नव्हता, कारण कागदाबाहेर त्यांना माणूसच मानलं जात नव्हतं. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की आपण केवळ पाण्यासाठी तळ्यावर जात नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातो. त्याच भाषणात त्यांनी त्या परिषदेची तुलना फ्रान्सच्या 1789 च्या सभेशी केली. नागरिकाचा हक्क ठरावाने देता येतो, पण समोरच्याचं माणूसपण मान्य नसेल तर तो ठराव दप्तरातच पडून राहतो, हे महाडइतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

आता कर्तव्यांकडे येऊ, कारण खरा वाद इथे आहे. 'आधी कर्तव्य करा, मग हक्क मागा' हे वाक्य शहाणपणाचं वाटतं. नागरिकत्वाच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे, कर भरणं आणि कायदा पाळणं यांवर राज्य चालतं. मानवी हक्काला मात्र ही अट लागू होत नाही. आपल्या मूळ संविधानात मूलभूत कर्तव्यांची यादी नव्हती. स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीनंतर 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 51 क मध्ये दहा कर्तव्यं घातली. कर्तव्य न पाळणाऱ्याला शिक्षा असावी ही समितीची सूचना मात्र स्वीकारली गेली नाही. ही कर्तव्यं 'प्रत्येक नागरिकाची' आहेत. ती पाळली नाहीत म्हणून अनुच्छेद 21 चं संरक्षण काढून घेता येईल असं संविधान कुठेही म्हणत नाही.

1976 हे साल विसरू नये. तेव्हा आणीबाणी होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने निकाल दिला की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असा अर्जसुद्धा करता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने त्यावर कायमचा अडसर घातला. आज युद्ध किंवा परकीय आक्रमणामुळे आणीबाणी आली तर नागरिकाची अनुच्छेद 19 मधली स्वातंत्र्यं स्थगित होऊ शकतात, 'व्यक्ती'ला दिलेले अनुच्छेद 20 (गुन्ह्याचा खटला आणि शिक्षा याबाबतचं संरक्षण) आणि 21 कधीच स्थगित होत नाहीत. दोन प्रकारच्या हक्कांतला फरक याहून नेमका कुठे सापडेल असं मला वाटत नाही.

2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीतही ही जोडी दिसते. 6 ते 14 वयाच्या 'सर्व बालकांना' शिक्षणाचा हक्क मिळाला आणि त्या वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं हे नागरिक पालकाचं अकरावं कर्तव्य झालं. हक्क मुलाचा आणि कर्तव्य पालकाचं. पालकाने आपलं कर्तव्य टाळलं तरी मुलाचा हक्क शिल्लकच असतो.

मग दोन्हींत इतकी सरमिसळ का होते? कारण मानवी हक्क मागायलाही बहुतेक वेळा राज्याच्याच दारात जावं लागतं. 1993 चा मानवी हक्क संरक्षण कायदासुद्धा मानवी हक्कांची व्याख्या करताना संविधानाने हमी दिलेल्या किंवा आंतरराष्ट्रीय करारांत असलेल्या आणि भारतीय न्यायालयांत बजावता येणाऱ्या हक्कांकडे बोट दाखवतो. ज्याला कोणतंच राज्य आपला म्हणत नाही, त्याचं दुःख इथे कळतं. वैश्विक जाहीरनाम्याच्या 15 व्या कलमाने म्हणूनच राष्ट्रीयत्व हाही प्रत्येक माणसाचा हक्क ठरवला.

दाद मागताना हा फरक उपयोगी पडतो. मूलभूत हक्क डावलला गेला तर अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात किंवा 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. व्यक्तीला दिलेल्या हक्कासाठी परदेशी माणसालाही ती वाट मोकळी आहे, अनुच्छेद 19 साठी नाही. पोलिस कोठडीतली मारहाण किंवा सरकारी कर्मचाऱ्याने केलेला छळ यांची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे पीडिताच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं. आयोगाला स्वतः शिक्षा करता येत नाही, चौकशी, शिफारस आणि गरज पडली तर न्यायालयात जाणं एवढंच त्याच्या हाती आहे. घटनेला एक वर्ष उलटून गेलं की त्या तक्रारीची चौकशी त्याला करता येत नाही.