हँडब्रेक ढिला झाला की केबलच का आवळायची नसते

आमच्या मामांची भाजी वाहणारी जुनी पिकअप आहे. मागच्या पावसाळ्यात तिचा हँडब्रेक पार सीटच्या वरपर्यंत यायला लागला, आणि तेवढा ओढूनही चढावर गाडी हळूच मागे सरकायची. ज्याला विचारावं तो म्हणायचा केबल ढिली झाली, आवळून टाक. खाली नट असतोच, आम्ही आवळला आणि हँडब्रेक एकदम कडक लागला. दोन आठवड्यांनी मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर ड्रम (चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा लोखंडी डबा) इतका तापलेला की हात ठेवता येईना. तेव्हापासून हा विषय नीट समजून घेतलाय, आणि तो सगळ्यांना कळावा असं मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे अशा गाड्या घाटात उभ्या असतात आणि त्यांच्या मागे माणसं उभी असतात.

आधी जोर किती लागतो ते बघू. मालासकट गाडी अडीच टनाची धरली आणि चढ दहाला एक असला तर गाडीला खाली ओढणारा जोर साधारण २५० किलो वजनाएवढा होतो. आपला हात फार तर २०-२५ किलोने ओढणार. म्हणून तो वाढवायला तरफा लावलेल्या असतात, पहिली हातातला दांडाच आणि दुसरी ड्रमच्या आत ब्रेक शूला (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारा अर्धगोल तुकडा) लावलेली पट्टी. समजा पहिलीने जोर सहापट केला आणि दुसरीने चौपट, म्हणजे एकूण चोवीसपट. पण तरफ फुकट काही देत नाही. जोर चोवीसपट हवा तर अंतर पण चोवीसपट मोजावं लागतं. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, झिजून शू आणि ड्रममधली फट नुसती अर्धा मिलिमीटर वाढली तर ती भरायला हाताला १२ मिलिमीटर जास्त ओढावं लागतं. एक मिलिमीटर वाढली तर जवळजवळ अडीच सेंटिमीटर! केबल होती तेवढीच आहे, पण आपल्याला वाटतं ती ढिली झाली.

केबल लांबतच नाही असं नाही. नवीन केबलच्या बारीक तारांचे पीळ सुरुवातीला दाबून बसतात, त्यात थोडी लांबी वाढते, पण ते बहुतेक पहिल्या काही दिवसांतच होतं. जुन्या गाडीत खरा घोळ आऊटरमध्ये, म्हणजे तार जिच्यातून जाते त्या बाहेरच्या नळीत असतो. आऊटरमधून तार ओढायची ही कल्पना १८९६ साली अर्नेस्ट बाउडेन यांनी पेटंट केली, सायकलच्या ब्रेकलाही तीच वापरतात. तिची एक अडचण म्हणजे वळण. होडी बांधताना दोर खुंटाला दोन वेढे दिले की एक माणूस ती धरून ठेवतो, कारण वेढ्यागणिक घर्षण गुणाकाराने वाढतं. तेच आऊटरच्या प्रत्येक वळणात होतं, फक्त इथे ते आपल्या विरोधात जातं. सगळी वळणं मिळून १८० अंश होत असतील आणि तार स्वच्छ, ग्रीस लावलेली असेल (घर्षणांक ०.१ धरू) तर २७ टक्के जोर वाटेतच जातो. आऊटर फाटून चिखलपाणी शिरलं, गंज धरला आणि घर्षणांक ०.३ झाला की ६० टक्क्यांच्या वर जातो. मग दांडा कितीही ओढा, चाकापर्यंत काय पोचणार! शिवाय अशी केबल सोडल्यावर परत येत नाही, शू ड्रमला घासत राहतो.

आमचा ड्रम तापला त्याचं कारण मात्र वेगळं होतं. फट शूकडे वाढली होती आणि आम्ही ती केबलने भरली, म्हणजे दांडा खाली असतानाही आतली पट्टी थोडी ओढलेलीच राहिली. ती पूर्ण मागे आली नाही तर बऱ्याच गाड्यांत शूचं आपोआप होणारं ॲडजस्टमेंट पण नीट चालत नाही, मग फट अजून वाढते आणि आपण परत नट आवळतो.

म्हणून काम चाकाकडून दांड्याकडे करत यायचं. गाडी सपाट जागी, आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. हे अजिबात टाळू नका, कारण अशा बहुतेक पिकअपमध्ये गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांना धरतात, ती उचलली की गाडीला धरणारं काहीच उरत नाही. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही, पक्के स्टँड लावायचे. मग हँडब्रेक सोडून केबलचा नट पूर्ण सैल करायचा, ड्रम काढून लायनर बघायचे. आतली धूळ फुंकायची नाही किंवा हवेने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेला तर फुफ्फुसांना घातक) असू शकतो, ओल्या फडक्याने पुसा. ड्रम परत बसवून शूची फट कमी-जास्त करणारं दात्यांचं छोटं चाक फिरवत शू घासेपर्यंत आणायचा आणि गाडीचं चाक हाताने मोकळं फिरेल एवढंच ते मागे घ्यायचं. दोन-चार वेळा पायाचा ब्रेक दाबला की शू मधोमध बसतात.

आणि आता कुठे केबल. दोन्ही चाकांच्या केबली जिथे एकत्र येतात ती पट्टी बैलांच्या जुवासारखी असते, मधून ओढली की दोन्हीकडे सारखा जोर जातो. ती एका बाजूला फार कलली असेल तर त्यातली एखादी केबल अडकलीय किंवा दोन चाकांचे शू सारखे लागलेले नाहीत. नट आवळताना दांडा किती दात्यांवर (ओढताना होणाऱ्या कट-कट आवाजांवर) लागायला हवा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेवढंच ठेवा. शेवटी दांडा सोडून दोन्ही चाकं हाताने फिरवून बघायची, कुठेही घासता कामा नये.

मामांच्या गाडीत दोन्ही दोष निघाले, लायनर झिजलेले आणि डावीकडचा आऊटर चेसिसला घासून फाटलेला. लायनर आणि ती केबल नवीन टाकली, घासत होती तिथे क्लिप लावून दूर बांधली. आता सहाव्या दात्यावर लागतो, आणि भरलेली गाडी त्याच चढावर जागची हलत नाही. तरी मामा तिथे उभी करताना पहिला गिअर टाकतात आणि चाकाला दगड लावतात.