'डॅम्प': खाणीतला शब्द आणि नाशिकच्या विहिरी

नाशिक जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात कोळसा नाही, आणि एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रालाही तो रेल्वेच्या वाघिणींतून बाहेरूनच आणावा लागतो. त्यामुळे भूमिगत कोळसाखाणीची परिभाषा आपल्या बोलण्यात उतरण्याचे काही कारण नव्हते. तरीही त्या परिभाषेतील 'डॅम्प', म्हणजे खाणीत साचणारा घातक वायू, हा शब्द नाशिककरांनी समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना माणसे गुदमरल्याची बातमी आली की आपण 'विषारी वायू' या दोन शब्दांवर थांबतो. खाणकामगारांनी मात्र या मरणाच्या वेगवेगळ्या तऱ्हा फार पूर्वीच ओळखून प्रत्येकीला वेगळे नाव दिले होते.

इंग्रजीत 'डॅम्प' म्हणजे ओलसर हा अर्थ आज रूढ असला, तरी तो नंतरचा आहे. शब्दाचे मूळ जर्मन भाषाकुळात असून तिथे 'डाम्फ' म्हणजे वाफ. इंग्रजीतही तो आधी वाफ, आणि तीही घातक वाफ, याच अर्थाने वापरला जात असे. वरच्या जगात अर्थ पालटला, खाणीत तो जुन्या अर्थानेच टिकला. आपल्या 'दम कोंडणे'मधला 'दम' फारसीतून आला आहे आणि त्याचा अर्थ श्वास. या दोहोंचे नाते केवळ ध्वनीचे आहे, पण मराठी माणसाला शब्द लक्षात ठेवायला ते उपयोगी पडते.

'फायरडॅम्प' म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत तो साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीसरशी स्फोट होतो. 25 मे 1812 रोजी इंग्लंडमधील फेलिंग खाणीत असा स्फोट होऊन 92 माणसे दगावली. त्यानंतर 1815 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असलेला दिवा तयार केला. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. शिवाय मिथेन असेल तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते आणि तिच्या उंचीवरून अनुभवी माणूस वायूचे प्रमाण ताडतो. म्हणजे उजेडाचे साधन मापाचेही साधन झाले.

'ब्लॅकडॅम्प' म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचे मिश्रण. जुन्या, बंद पडलेल्या भागांत कोळसा आणि लाकडी टेकू हवेतला प्राणवायू हळूहळू शोषत राहतात आणि मागे ही जड, निर्जीव हवा खोलगट जागी साचते. कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो 'स्टिंकडॅम्प', म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, म्हणून वास गेला याचा अर्थ धोका गेला असा नव्हे. 'व्हाइटडॅम्प' म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि स्फोटानंतर मागे राहणारे मिश्रण ते 'आफ्टरडॅम्प'. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1896 मध्ये दाखवून दिले, की खाणस्फोटांत बहुसंख्य माणसे भाजून नव्हे, तर या मिश्रणातील कार्बन मोनॉक्साइडने मरतात. माणसाच्या आधी कोलमडणारा कॅनरी हा चिमुकला पक्षी पिंजऱ्यात घालून खाणीत नेण्याची प्रथा त्यांच्याच सूचनेतून रुजली आणि ब्रिटनमध्ये ती 1986 पर्यंत टिकली.

भारतात पश्चिम बंगालमधील चिनाकुडी कोळसाखाणीत 1958 मध्ये झालेल्या स्फोटात पावणेदोनशेच्या आसपास कामगार दगावले. आपल्या कोळसा खाण नियमावलीत ज्वलनशील वायूच्या प्रमाणानुसार कोळशाच्या थरांच्या तीन श्रेणी ठरवलेल्या आहेत. नियमांच्या भाषेत 'डॅम्प' फारसा दिसत नाही, पण खाणकामाच्या अभ्यासक्रमात ही जुनी नावे अजून शिकवली जातात.

निफाड तालुक्यात आमच्या नात्यातल्या एका जुन्या विहिरीचा गाळ काढायचा होता, तेव्हा काकांनी आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडला. पाण्यापासून पुरुषभर उंचीवर ज्योत आखडली, तांबूस झाली आणि फुंकर घातल्यासारखी विझली. मग गड्यांनी निंबाचा मोठा डहाळा दोरीने तासभर वरखाली ओढून हवा हलवली, बादल्यांनी पाणी ओतले, पुन्हा कंदील सोडला. तो जळत राहिला तेव्हाच माणूस उतरला. ब्लॅकडॅम्प हा शब्द काकांनी कधी ऐकला नसेल, पण त्याची पारख त्यांना पक्की होती.

या पारखीला एक मर्यादा आहे आणि ती नावांतूनच स्पष्ट होते. कंदील सांगतो तो प्राणवायूचा तुटवडा, कार्बन मोनॉक्साइड तो सांगू शकत नाही. पाणी खोल गेल्यावर विहिरीच्या कपारीत डिझेल इंजिन बसवून उपसा केला, तर आत साचतो तो व्हाइटडॅम्प. हजारात एक भाग असला तरी तो काही तासांत जीव घेऊ शकतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि ज्योत मात्र शांतपणे जळत राहते. अशा विहिरीत इंजिन वरच ठेवावे लागते, ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत सोडावी लागते, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून दुसरे टोक काठावरच्या माणसांनी धरावे लागते. आत कोणी कोसळला, तर त्याच्यामागे तसेच उतरायचे नसते. दोराने त्याला वर ओढायचे असते.