गुंडाळी पडद्याची मोटार: किलोंचा आणि त्रिज्येचा हिशेब

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात मागावरचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही: विणलेले कापड ज्या रुळावर गुंडाळले जाते, तो रूळ कापड चढेल तसा जाड होत जातो आणि त्याच्या एका फेऱ्यात पूर्वीपेक्षा जास्त कापड ओढले जाते. घरात बसवतो त्या गुंडाळी पडद्यात, म्हणजे दुकानदार ज्याला रोलर ब्लाइंड म्हणतात त्यात, हेच घडते. फरक इतकाच की इथे रुळाला कापडाबरोबर त्याचे लोंबते वजनही उचलावे लागते. हा पडदा मोटारीवर चालवायचा असेल, तर 'पडदा किती किलोचा?' हा प्रश्न अर्धाच ठरतो. ते किलो रुळाच्या मध्यापासून किती अंतरावर लोंबतात, हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे.

वजन आणि हे अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. घट्ट बसलेला नट आखूड पान्याने हलत नाही आणि लांब पान्याने सुटतो, त्यामागे हाच गुणाकार असतो. पडद्यात मात्र तो मोटारीच्या विरुद्ध काम करतो: गुंडाळी जितकी जाड, तितका तोच भार मोटारीला जड.

टिळकवाडीतील एखाद्या घराची पश्चिमेकडची खिडकी घेऊ. रुंदी २ मीटर, उंची २.५ मीटर. चौरस मीटरला ४०० ग्रॅम भरणारे जाड कापड घेतले, तर ५ चौरस मीटरचे २ किलो होतात. खालच्या तळपट्टीचे ६०० ग्रॅम धरले, तर एकूण २.६ किलो, म्हणजे सुमारे २५.५ न्यूटन (न्यूटन हे बलाचे एकक; एका किलोचे वजन सुमारे ९.८ न्यूटन). पडद्याचा रूळ म्हणजे एक पोकळ नळी, ती ४० मिलिमीटर व्यासाची आहे. पडदा पूर्ण खाली असताना सगळे वजन २० मिलिमीटर त्रिज्येवर लोंबते, म्हणून टॉर्क ०.५१ न्यूटन-मीटर होतो. पडदा वर जाईल तशी त्रिज्या वाढते, पण लोंबणारे कापडही कमी होत जाते. जे कापड नळीवर चढले, त्याचे वजन आसाच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटले जाते, त्यामुळे बेअरिंगमधील घर्षणाखेरीज त्याचा मोटारीवर भार पडत नाही.

पूर्ण गुंडाळीचा व्यास काढणेही अवघड नाही. कापड अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर २,५०० मिलिमीटर लांबीच्या कापडाच्या कडेचे क्षेत्रफळ १,२५० चौरस मिलिमीटर होते, आणि गुंडाळल्यावर तेवढेच क्षेत्रफळ नळीभोवतीच्या कड्याने व्यापलेले असते. या कड्याचा बाहेरचा व्यास सुमारे ५६.५ मिलिमीटर येतो. सावध कारागीर सगळे वजन या मोठ्या त्रिज्येवर आहे असे धरतो (०.७२ न्यूटन-मीटर), घर्षणासाठी आणखी तीस टक्के मिळवतो आणि जे ०.९४ येते, त्याच्या लगतच्या वरच्या क्षमतेची मोटार घेतो.

ही सावधगिरी अनाठायी आहे असे वाटेल, कारण खरा सर्वाधिक टॉर्क तर अगदी खाली, ०.५१ एवढाच होता. पण खानापूरकडच्या घाटमाथ्याच्या पावसात उघड्या सोप्याला, म्हणजे ओसरीला, पडदा लावायचा असेल, तर तो वाऱ्याने फडफडू नये म्हणून तळाशी जड लोखंडी पाइप घालावा लागतो. तुलनेसाठी मापे तीच ठेवून तळपट्टीचे वजन ५ किलो धरले, तर टॉर्क पूर्ण खाली १.३७, अर्ध्यावर १.४४ आणि पूर्ण वर १.३९ न्यूटन-मीटर येतो. सर्वांत अवघड जागा आता मधेच कुठेतरी सरकली आहे. फक्त खालच्या स्थितीचा हिशेब करणाऱ्याला ती दिसणार नाही, आणि शिवाय वाऱ्याने कापड बाजूच्या पट्ट्यांवर दाबले जाऊन होणारे घर्षण वेगळेच. म्हणून सोप्याच्या पडद्याला खिडकीच्या पडद्याचा अंदाज लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेच्या बाबतीत मात्र हे काम आश्चर्यकारकपणे हलके आहे. मिनिटाला ३० फेरे धरले, तर खिडकीचा पडदा सेकंदाला सुमारे ६ सेंटिमीटर चढतो आणि उचलण्याच्या कामाला दीड-दोन वॅट पुरतात. नळीच्या आत बसणारी छोटी मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते. तिच्यापुढचे दातेरी गिअर वेग कमी करून टॉर्क वाढवतात.

तरीही पडदा हवा तितका रुंद करता येत नाही, आणि इथे बहुतेक वेळा मोटारीआधी नळी हार मानते. दोन टोकांवर टेकलेली नळी मधोमध वाकते, आणि मीटरमागचा भार तोच राहिला तर हा वाक रुंदीच्या चौथ्या घाताने वाढतो. आपली ४० मिलिमीटरची, दीड मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची नळी २ मीटरला सुमारे दीड मिलिमीटर वाकते. तीच ३ मीटरला जवळपास ८ आणि ४ मीटरला २५ मिलिमीटर वाकेल. अशा नळीवरच्या कापडाला तिरक्या चुण्या पडतात आणि ते गुंडाळताना एका बाजूला सरकू लागते. त्या वेळी जास्त ताकदीची मोटार बसवणे हा पैशाचा अपव्यय आहे, कारण मोटार नळीला सरळ करू शकत नाही. जाडी तीच ठेवून ५० मिलिमीटर व्यासाची नळी घेतली, तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो, मात्र त्रिज्या वाढल्यामुळे खालच्या स्थितीतील टॉर्कही पंचवीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून आधी रुंदीवरून नळी ठरवावी आणि मगच मोटार शोधावी.

अरुंदपणालाही मर्यादा आहे: मोटार नळीच्या आतच मावायची असल्याने तिच्या लांबीपेक्षा लहान पडदा होऊच शकत नाही, आणि रुंदीच्या मानाने फार उंच पडदा सरळ गुंडाळला जात नाही. छताखालच्या लाकडी पेटीचे माप सुताराला सांगताना नळीचा व्यास सांगून भागत नाही. ५० मिलिमीटरच्या नळीवर आपल्या खिडकीचे कापड चढले की गुंडाळी ६४ मिलिमीटरची होते, तळपट्टीला जागा लागते आणि कापड पेटीच्या फळीला घासू नये इतके अंतर दोन्ही बाजूंना मोकळे ठेवावे लागते.