गप्पी मासे सांगली-साताऱ्याच्या घरांत कसे आले : पार्श्वभूमी

सांगली, मिरज, कऱ्हाड आणि सातारा या शहरांतल्या घरांत काचेच्या पेटीत गप्पी, मॉली, प्लॅटी, टेट्रा, झेब्रा डॅनियो असे लहान, शांत स्वभावाचे मासे आता सर्रास दिसतात. या छंदाचा इतिहास बहुधा मुंबईपासून, मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या मत्स्यालयापासून सांगितला जातो. आपल्या दोन जिल्ह्यांसाठी तो अपुरा आहे, कारण इथल्या अनेक घरांत पहिला मासा आला तो दुकानातून नव्हे, तर आरोग्य कर्मचाऱ्याने आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णने एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आणला गेला आणि त्याच कामासाठी १९२८ मध्ये इटलीतून गॅम्बुसिया आला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन मोहिमेत रूपांतर झाले, आणि डीडीटीच्या फवारणीपुढे मासे मागे पडले. पुढे डासांनी कीटकनाशकांना दाद देणे सोडले, १९७६ मध्ये देशातल्या रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली आणि १९७७ मध्ये सुधारित आराखडा आखावा लागला. त्यानंतरच्या दशकांत अळीभक्षक माशांना पुन्हा महत्त्व आले. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे गावोगावच्या भिंतींवरचे वाक्य वाचकांना नव्याने सांगायला नको.

गप्पी सोडण्याच्या या मोहिमेची खरी गरज माण, खटाव, आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांत होती. टँकरचे किंवा आठवड्यातून एकदा येणारे पाणी हौदात आणि बॅरलमध्ये साठवावेच लागते, आणि डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणाऱ्या डासाला अंडी घालायला असेच स्वच्छ, साचलेले पाणी लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हा सल्ला योग्यच आहे, पण पुढचा टँकर कधी येईल याचा भरवसा नसलेल्या घराने हौद रिकामा करावा, ही अपेक्षा अवघड आहे. तिथे गप्पी उपयोगी पडला. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाला लटकून श्वास घेणारी अळी त्याला सहज टिपता येते. मादी अंडी न घालता थेट पिले देते आणि साधारण महिन्याभराने पुन्हा विते.

या मोहिमेवर आक्षेपही आहेत, पण वादाचा मुद्दा गप्पी निवडण्याचा नव्हता. गॅम्बुसिया इतर माशांचे पर कुरतडतो आणि बेडकांची पिलेही खातो, त्यामुळे दोघांत गप्पी निवडणे शहाणपणाचेच होते. वाद आहे तो हौद, टाकी, विहीर, डबके आणि ओढा ही सगळी ठिकाणे गप्पी सोडण्याच्या एकाच यादीत बसवण्याच्या निर्णयाचा. हौदातला गप्पी हौदातच राहतो. ओढ्यात सोडलेला पहिल्या पावसात नदीला मिळतो. आपल्या ओढ्यांत डोक्यावर चांदीसारखा ठिपका मिरवणारा पँचॅक्स आहे, रासबोरा आहे, डॅनियो आहे आणि हे तिन्ही मासे डासांच्या अळ्या खातात. मोहिमेच्या बाजूने असे म्हटले जाते की देशी मासा अंडी घालतो, त्याची पैदास वेळखाऊ असते आणि पिशवीतला प्रवास त्याला गप्पीइतका सोसत नाही. हे म्हणणे खरे आहे, परंतु ते पैदास केंद्राच्या सोयीचे उत्तर आहे. ज्या ओढ्यात देशी मासा आधीपासूनच आहे, तिथे पाहुणा का सोडायचा, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

काचेची पेटी या सगळ्यानंतर घराघरांत पोहोचली. चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या केंद्रांत शोभिवंत माशांची मोठ्या प्रमाणावर पैदास होऊ लागली, आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून हे मासे जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ लागले. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात गप्पी, मॉली आणि प्लॅटी चांगले तगतात. निऑन टेट्राला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते, म्हणून तो इथे जास्त काळजी मागतो. २०१७ मध्ये केंद्राने शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम काढले, त्यांत गोल भांड्यात मासे ठेवण्यास मनाई होती. ते नियम नंतर मागे घेण्यात आले, आणि त्याबरोबर ही चांगली तरतूदही गेली.

उजनी जलाशयात जाळी फाडणारा सकर, म्हणजेच हेलिकॉप्टर मासा, हा घरातल्या पेट्यांमधूनच बाहेर पडल्याचे मानले जाते, त्यामुळे पेटीतले जादा मासे कुठे सोडायचे, हा प्रश्न आता छंदापुरता राहिलेला नाही. दुकानातला लांब शेपटीचा गप्पी सावकाश पोहतो आणि हौदातल्या कामाला साध्या गप्पीइतका उपयोगी नसतो. साध्या गप्पीची जादा पिले मात्र शेजाऱ्याच्या हौदात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पैदास टाकीत देता येतात. कृष्णेच्या घाटावर ती नेण्याचे काहीच कारण नाही.