कॅलिफोर्नियातील प्रॉपोझिशन मतदान

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांबरोबर कायद्यांचे आणि घटनादुरुस्त्यांचे प्रस्तावही असतात. त्यांवर मतदार थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे मत देतो. अशा प्रस्तावाला प्रॉपोझिशन आणि बोलताना नुसते ‘प्रॉप’ म्हणतात. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण गोव्यातील १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचे. तेथे प्रश्न एकच होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे; चिन्हे दोनच, फूल आणि दोन पाने. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यपातळीवरचे १७ प्रस्ताव एकाच वेळी मतदारापुढे आले होते.

ही पद्धत १९११ ची. विधिमंडळावरील रेल्वे कंपनीचा पगडा मोडण्यासाठी गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी ती आणली. गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या जमल्या की कायद्याचा आणि ८ टक्के जमल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला येतो.

मतदाराची खरी परीक्षा ‘हो’ म्हणजे काय, हे समजून घेण्यात असते. २००८ च्या प्रॉप ८ मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूने असणाऱ्याला ‘नाही’वर खूण करावी लागली, कारण प्रस्ताव बंदीचा होता. मंजूर झालेल्या कायद्याविरुद्ध सह्या गोळा होतात तेव्हाही असेच होते: ‘हो’ म्हणजे कायदा ठेवा, ‘नाही’ म्हणजे तो रद्द करा. रोख जामीन बंद करणारा कायदा २०२० मध्ये प्रॉप २५ वरील ‘नाही’च्या मतांनीच पडला.

सरकारी मतदार-माहिती पुस्तिकेत दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आणि प्रस्तावाचा पूर्ण मसुदा असतो. विधिमंडळाच्या तटस्थ विश्लेषकाने लिहिलेला खर्चाचा आणि परिणामांचा भाग मात्र आधी वाचावा. युक्तिवाद पटवण्यासाठी लिहिलेले असतात, तो भाग समजावण्यासाठी. मग युक्तिवादांखालच्या सह्या पाहाव्यात. १९८८ मध्ये विम्याविषयीचे पाच प्रस्ताव एकमेकांना छेद देत होते. आर्थर लुपिया या राज्यशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिस भागातील मतदारांचा अभ्यास केला. मसुद्यातले बारकावे ठाऊक नसले तरी विमा कंपन्या कोणत्या बाजूला आहेत एवढे ज्यांना माहीत होते, त्यांची मते जाणकारांच्या मतांशी बरीच जुळली. पाचांपैकी ग्राहकांच्या बाजूचा प्रॉप १०३ तेवढा मंजूर झाला. पैसा कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच सोडू नये. २०२० मध्ये ॲपवरील चालकांना कर्मचारी न मानण्याच्या प्रॉप २२ साठी उबर, लिफ्ट आदी कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि तो मंजूर झाला.

उमेदवार निवडताना पक्षाचे नाव दर वेळी कामी येत नाही. २०१० च्या प्रॉप १४ नुसार प्राथमिक फेरीतील पहिले दोघे, पक्ष कोणताही असो, अंतिम फेरीत जातात. २०१६ च्या सिनेट निवडणुकीत कमला हॅरिस आणि लॉरेटा सँचेझ या दोघी डेमोक्रॅटच होत्या. न्यायाधीश आणि शाळा मंडळाच्या उमेदवारांपुढे तर पक्ष छापलेलाच नसतो. तेथे आधीचे काम पाहावे लागते.

मतपत्रिका टपालाने घरी येते. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर पुस्तिका उघडी ठेवून एकेक रकाना सावकाश भरता येतो. एखादा प्रश्न कळला नाही तर तो कोरा सोडता येतो. बाकीची मते तरीही मोजली जातात. शेवटी लिफाफ्यावर सही करायची. ती नोंदीतील सहीशी ताडून पाहतात.