पार्श्वभूमी : माती साफ करणारं पीक कापून न्यायचं कुठे?

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यातली जलपर्णी उपसली की काठावर ढीग लागतात. चार उन्हं खाल्ली की पानं चुरचुरीत होतात, पण मुळांचा काळा झुबका आत ओलाच राहतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातल्या कुणालाही वाटेल, वाया कशाला घालवा, उकिरड्यात टाकू, खत होईल. अडचण अशी की शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली ही वनस्पती, पाण्यात शिसं किंवा कॅडमियम हे विषारी धातू असतील तर ते मुळांत साठवून ठेवते. पाला कुजतो, धातू कुजत नाही. खताच्या पाटीतून तो परत वाफ्यात येतो.

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. 1948 साली इटलीतल्या तोस्काना भागात मिंगुझ्झी आणि वेर्न्यानो यांना ॲलिसम कुळीच्या एका रानरोपाच्या वाळलेल्या पानांत जवळजवळ 1 टक्का निकेल सापडलं. पानांच्या राखेत तर त्याच्या कितीतरी पट. बराच काळ हे एक नवल म्हणूनच राहिलं. पुढे 1983 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले रूफस चेनी यांनी सुचवलं, की अशी धातू ओढणारी रोपं धातूंनी बिघडलेल्या जमिनीत मुद्दाम लावावीत, कापावीत, जाळावीत आणि राखेतून धातू काढून घ्यावा. म्हणजे कापल्यावर काय, याचं उत्तर मूळ कल्पनेतच होतं.

1990 नंतर मोहरी, सूर्यफूल वगैरेंवर प्रयोगांची झुंबड उडाली आणि हे उत्तर मागे पडलं. कोणतं रोप किती धातू ओढतं, याचीच मोजदाद होत राहिली. 2001 मध्ये फ्लोरिडात आर्सेनिक ओढणारा नेचा सापडला. त्याच्या पात्यांत 2 टक्क्यांहून जास्त आर्सेनिक भरलं. तोच नेचा आपल्याकडे जुन्या भिंतींच्या फटींत उगवतो. पण एवढं विष भरलेली पाती ठेवायची कुठे? माझ्या मते हा हिशोब लागवडीआधीच मांडायला हवा होता.

निकेलचा मार्ग त्यातल्या त्यात सरळ निघाला. अल्बानियात ॲलिसमचं पीक घेऊन हेक्टरी सुमारे 100 किलो निकेल मिळालं. राखेतून मुलाम्याच्या कामाचा निकेलचा क्षार काढता येतो. कॅडमियमचं तसं नाही. ते 767 अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे भट्टीत धुरावाटे निसटतं. बॉयलरला धूर-राख धरणारी यंत्रणा असेल तर ती राख वेगळी काढता येते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात असलं जळण कधीच घालू नये. तंबाखूही कॅडमियम पानात ओढते, म्हणून माती साफ करायला तिचाही विचार झाला. निपाणी भागात हे फार जपून सांगायला हवं: तसलं पान विडीत जाता कामा नये.

आपल्याकडे माती साफ करायला मला एरंडाची वाट जास्त पटते. बांधावर तो येतोच, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि धातू सहसा तेलात फारसा उतरत नाही. तेल साबणाला, वंगणाला चालतं. मात्र उरलेली पेंड एरवीसारखी खत म्हणून शेतात टाकायची नाही, कारण बियांत चढलेला धातू तिच्यातच राहतो.